साडेतीन कोटी ठिपके आणि एक सांगकाम्या

स्वस्त लेझर प्रिंटरच्या खोक्यावर बरेच काही छापलेले असते. मिनिटाला बारा पाने, सहाशे डीपीआय, यूएसबी केबल सोबत किंवा वेगळी, आणि एक हसरे कुटुंब. प्रिंटरकडे बघून हसणारे कुटुंब मी खोक्याबाहेर अजून पाहिलेले नाही, पण ते असो. एक गोष्ट मात्र त्या खोक्यावर कधीच नसते, ती म्हणजे आत मेंदू नाही. मोटर आहे, ड्रम आहे, लेझर आहे, कागद ओढणारे रबरी रोलर आहेत, पुढे मिचमिचणारे दोन दिवे आहेत. पण 'अ' कसा दिसतो, समास किती सोडायचा, फोटोतले नाक कुठे आणि कान कुठे, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. हा सगळा विचार तुमच्या कॉम्प्युटरने करायचा आणि पानावरचा एकेक ठिपका काळा ठेवायचा की पांढरा, हे प्रिंटरला क्रमाने सांगायचे. तांत्रिक मंडळी अशांना होस्ट-बेस्ड किंवा जीडीआय प्रिंटर म्हणतात. आपल्या गोष्टीतला सांगकाम्या तो हाच. सांगितले तेवढे करणार, आणि सांगितलेले चुकीचे असले तरी तितक्याच निष्ठेने करणार.

पूर्वी असे नव्हते. ॲपलने १९८५ साली लेझररायटर बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. आत मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झने धावत होता आणि दीड एमबी मेमरी होती. ज्या मॅकिंटॉशने त्याला हुकूम सोडायचे, त्या मॅकिंटॉशचा प्रोसेसरही तोच, पण वेग जेमतेम ८ मेगाहर्ट्झ. सांगणाऱ्यापेक्षा ऐकणारा हुशार आणि महागही. कॉम्प्युटरने पोस्टस्क्रिप्ट भाषेत एवढेच कळवायचे की इथून तिथे रेघ ओढ, या कोपऱ्यात या उंचीचे अक्षर काढ. ठिपक्यांचा तपशील प्रिंटर आपल्या डोक्याने बघून घेई. ही भाषा बनवणाऱ्या अडोबीच्या जॉन वॉर्नॉक आणि चक गेश्की यांना प्रिंटरच्या बुद्धीवर केवढा विश्वास असेल!

पुढे टेबलावरचे कॉम्प्युटर वेगवान होत गेले आणि कंपन्यांच्या हिशेबनिसांना साक्षात्कार झाला. गिऱ्हाइकाने एक मेंदू पैसे मोजून आधीच घेतलेला आहे, मग प्रिंटरमध्ये दुसरा कशाला घालायचा? नव्वदच्या दशकात विंडोज गृहीत धरून प्रिंटर बनू लागले. मेंदू काढला, मेमरी कापली, किंमत उतरवली. आपल्याकडे वकिलाच्या टेबलापासून सोसायटीच्या ऑफिसापर्यंत जिकडेतिकडे दिसलेले कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे याच कुळातले. दोघांनाही मेमरी मोजून २ एमबी. आजकाल नुसता 'गुड मॉर्निंग'चा गुलाबही कित्येकदा याहून मोठा असतो.

आता या २ एमबीत काय मावते ते पाहा. सहाशे डीपीआय म्हणजे एका इंचात सहाशे ठिपके. ए-फोर कागद आडवा ४,९६१ ठिपक्यांचा आणि उभा ७,०१६ ठिपक्यांचा. गुणाकार केला की ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. माणसाच्या अंगावर साडेतीन कोटी रोम असतात असे जुने लोक सांगत. ते कुणी मोजले माहीत नाही, पण कागदाचे मोजता येतात. प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा एवढेच सांगायचे म्हटले तरी पान ४३ लाख बाइटांच्या वर जाते. म्हणजे प्रिंटरच्या पोटात अर्धे पानही धड मावत नाही. त्यात 'महोदय, वरील विषयास अनुसरून' एवढ्यावर थांबलेल्या अर्जालाही तेवढेच ठिपके लागतात, कारण कोऱ्या जागेतही 'इथे काही करू नकोस' असे दर ठिपक्याला सांगावे लागते.

यावर उपाय म्हणजे ठिपके दाबून पाठवायचे. पान भरून पांढरे असेल तर 'पुढच्या शंभर ओळी गप्प बस' असे एकदाच सांगायचे. फॅक्ससारख्या काळ्यापांढऱ्या चित्रांसाठी तयार झालेली जेबिग ही दाबण्याची पद्धत यातल्या अनेक प्रिंटरांना कळते. बस, तेवढेच कळते. दाबलेले ठिपके केबलमधून येत राहतात, प्रिंटर ते उलगडत ड्रमवर उमटवत राहतो. इथे एक मेख आहे. शाईचा प्रिंटर मधल्या ओळीवर थांबून विचार करू शकतो. लेझरला तशी सोय नाही. कागद एकदा आत ओढला की तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत ड्रम फिरतच राहतो. मिनिटाला बारा पाने म्हणजे पानाला पाच सेकंद, म्हणजे ढोबळ हिशेबाने सेकंदाला चौदाशे ओळी. कॉम्प्युटर नेमका तेव्हा व्हायरस शोधत बसला आणि ठिपके वेळेवर पोचले नाहीत, तर अर्धे पान कोरे. मग आपण प्रिंटरला चापट मारतो. बिचाऱ्याचा काय दोष?

लेझरजेट १०२० आणि त्याच्या १०००, १००५, १०१८ या भावंडांची कथा तर आणखी करुण. आपण प्रिंटर आहोत, हेही त्यांना बंद करून चालू केले की आठवत नाही. फर्मवेअर म्हणजे काम कसे करायचे याचे मूळ शिक्षण त्यांच्या पोटात कायमचे ठेवलेलेच नसते. दरवेळी बटण दाबले की कॉम्प्युटर गुपचूप त्यांना पहिलीपासून शिकवतो. विंडोजमध्ये हे आपल्याला दिसत नाही. लिनक्सवर मात्र फर्मवेअरची फाइल आधी आणून ठेवावी लागते, नाहीतर प्रिंटर हिरवा दिवा लावून तुमच्याकडे बघत बसतो. वीज ये-जा करणाऱ्या गावात या प्रिंटराचे किती वेळा बालवाडीत नाव घातले जात असेल, देव जाणे.

मजकुरापर्यंत हे सगळे निभते. खरी परीक्षा फोटोची. आणि फोटो छापायला सगळ्यात जास्त कुठे येतात, तर तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे काउंटरवर बसलेल्या मुलाला चित्रांचे रूपांतर या विषयातली पदवी द्यायला हरकत नाही.

"दादा, व्हॉट्सॲप केलंय बघ. एक प्रिंट मार. ब्लॅकच मार, कलर नको."

"काकू, हे दहावीचं गुणपत्रक आहे ना?"

"मग काय वाटतंय तुला?"

"नाही, चादरच जास्त दिसतेय."

गुणपत्रक चादरीवर ठेवून वरून फोटो काढलेला. चादर सोलापुरी, तिच्यावर मोर. वर मोबाइल धरलेल्या हाताची सावली बरोबर मराठी आणि गणिताच्या मधून गेलेली. फोटो सोळाशे ठिपके उंच आहे असे धरा. कागदाला हवेत सात हजार. म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्यापासून कागदावरचे साधारण एकोणीस ठिपके तयार करायचे. ज्ञानात भर न घालता आकार वाढवण्याची ही कला आपल्याकडे एरवी परीक्षेच्या पेपरात पाहायला मिळते.

पुढचा प्रश्न याहून अवघड. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा आणि प्रिंटरकडे दोनच. सर्वात सोपी रीत म्हणजे मध्ये रेघ मारायची. १२८च्या खालचे सगळे काळे, वरचे सगळे पांढरे. ही रीत निःपक्षपाती आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. ट्यूबलाइटखाली कागद पांढराशुभ्र नसतो, करडा असतो; हाताच्या सावलीत तो १२८च्या खाली घसरतो. मग सावलीतला कागदही काळा आणि त्यावरचे आकडेही काळे. प्रिंट बाहेर आली तेव्हा मोराचा पिसारा डोळ्यांत भरण्यासारखा होता आणि गणिताच्या जागी काळा पट्टा.

"अरे, गणिताचे मार्क गेले!"

"किती होते काकू?"

"तू ते परत आण, मग बघ."

मुलाने उजेड वाढवला, चादर कापली आणि 'फोटो' असे सेटिंग निवडले. या एका शब्दामागे जे गणित चालते ते १९७६ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी मांडले. त्याचे सार असे, की चूक तर होणारच, निदान ती शेजाऱ्यांत वाटून टाका. फोटोतला एक ठिपका घ्या, त्याची छटा १००. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. १०० हा काळ्याच्या जवळ, म्हणून त्याला काळा ठरवला. पण त्याच्या वाट्याचा १०० इतका उजेड आपण खाल्ला, त्याचे काय? तो टाकून द्यायचा नाही. उजव्या शेजाऱ्याला त्यातला ७/१६ द्यायचा, म्हणजे पावणेचव्वेचाळीस. खालच्या ओळीत डावीकडच्याला ३/१६, बरोबर खालच्याला ५/१६ आणि खाली उजवीकडच्याला उरलेला १/१६. बेरीज चोख शंभर. शेजारी या उजेडाने थोडा फिका होतो, कदाचित १२८ ओलांडून पांढरा ठरतो, आणि मग त्याची चूक तो पुढच्याला देतो. असे करत पान संपते. डाव्या वरच्या कोपऱ्यातली चूक उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत हिंडत जाते आणि लांबून पाहिले की डोळ्याला करड्या छटा दिसतात. सातबाराच्या उताऱ्यावर चार पिढ्या भांडणाऱ्या महाराष्ट्राला हा सात-सोळाचा उतारा शिकवायला पाहिजे. इतक्या बिनतक्रार वाटण्या मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. शेजाऱ्यांपैकी कुणी हरकत घेतल्याची नोंद नाही.

दुसरे घराणे ब्राइस बायर यांचे. हे कोडॅकमध्ये होते. डिजिटल कॅमेऱ्यातली रंगांची जाळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांनी १९७३ साली छटा ठरवायला आकड्यांची एक ठरलेली चौकट वापरण्याची रीत दिली. ही झटपट होते, पण चेहऱ्यावर विणकाम दिसते. आणि या दोन्ही घराण्यांना लेझर प्रिंटर आपले पाणी दाखवतोच. सहाशे डीपीआयला एकटादुकटा ठिपका टोनरला नीट धरवत नाही. कधी उमटत नाही, कधी पसरून शेजारच्याला गिळतो. म्हणून जाणकार ड्रायव्हर ठिपक्यांचे पुंजके करतात, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. त्या पुंजक्यांतून आधार कार्डावरचा माणूस छापला की तो फरार असल्यासारखा का दिसतो, याचे शास्त्रीय कारण हे आहे. काही कारणे मूळ फोटोतच असतात, त्यांना प्रिंटर काय करणार?

विंडोजवाल्यांना यातले काही करावे लागत नाही, कंपनीचा ड्रायव्हर मुकाट्याने सगळे करतो. हाल झाले लिनक्सवाल्यांचे. एचपीने डेस्कजेट ७२०, ८२०, १००० अशा काही शाईच्या प्रिंटरांतही हाच प्रयोग केला होता. त्यांना हेड होते, पण ते शाई फवारण्यापुरते. हेड कुठून कुठे सरकवायचे, कुठल्या छिद्रातून केव्हा थेंब सोडायचा, हे सगळे कॉम्प्युटरने सांगायचे, आणि ते कुठल्या भाषेत सांगायचे हे कंपनीने जाहीर केलेले नव्हते. मग १९९८ साली टिम नॉर्मन या प्रोग्रॅमरने प्रिंटरला जाणारे आकडे निरखून ती भाषा उलगडली आणि पीबीएम-टू-पीपीए नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो सुरुवातीला फक्त काळे छापायचा, आणि पान कागदावर नेमके कुठे बसते ते नमुना छापून, पट्टीने मोजून, आकडे फाइलमध्ये हाताने भरावे लागत. पुढे रिक रिचर्डसन यांनी लेझरजेट १०२० आणि त्याच्या जातभाईंसाठी असाच प्रोग्रॅम लिहिला, त्याचे नाव फू-टू-झेडजेएस. पैसे वाचवायला स्वस्त प्रिंटर घ्यायचा आणि मग तो चालावा म्हणून रात्री जागवायच्या, हा हिशेब आपल्याला मुळीच परका वाटू नये.

या प्रोग्रॅमांना जे चित्र भरवायचे ते पीबीएम नावाच्या साच्यात. हा साचा म्हणजे साधेपणाची हद्द आहे. जेफ पॉस्कॅन्झर यांनी तो ऐंशीच्या दशकात केला, तोही चित्र ईमेलमधून साध्या मजकुरासारखे धाडता यावे म्हणून. फाइलच्या पहिल्या ओळीत पी आणि एक, मग रुंदी, उंची, आणि पुढे नुसती शून्ये आणि एक. नोटपॅड उघडून हाताने 'ग' काढता येतो: कान्याच्या जागी एकाखाली एक एक, पोकळीत शून्ये. मोठी पाने पाठवताना हेच आठ-आठच्या गठ्ठ्यात बांधतात. यात १ म्हणजे काळे. करड्या छटांसाठी याच्याच सख्ख्या भावाचा, पीजीएमचा साचा आहे, आणि तिथे शून्य म्हणजे काळे. एकाच घरात वाढलेल्या दोघांचे काळ्यापांढऱ्यावर एकमत नाही. मध्ये कुणी ही गोष्ट विसरला की पान उलटे छापले जाते: अर्ज पांढऱ्या अक्षरांत आणि उरलेला कागद अमावस्या. टोनर एका पानात किती संपतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा प्रयोग दुसऱ्याच्या प्रिंटरवर करावा.

इतके बोलून झाल्यावर आता या सांगकाम्याची बाजू घेतो, कारण मराठी माणसावर त्याचे उपकार आहेत. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात अक्षरे भरलेली असत, ती इंग्रजी. 'ए' पाठवला की तो स्वतःच 'ए' ठोकायचा. मराठीला तिथे जागा नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी दिसायची, पण कागदावर आणायची तर प्रिंटरच्या पोटातली अक्षरे बाजूला ठेवून ठिपक्यांनीच काढावी लागे. नऊ पिनांचे यंत्र. वेलांटीला वर जागा हवी, उकाराला खाली, मध्ये जोडाक्षरांची दाटी. एक ओळ दोन-दोनदा ठोकत ते किरकिरत जायचे. हुशार प्रिंटरांची अडचण नेमकी त्यांच्या हुशारीत होती. त्यांना जे येत होते त्यात आपण नव्हतो.

सांगकाम्याला काहीच येत नाही, म्हणून त्याला सगळे सारखे. कॉम्प्युटरने 'ज्ञानेश्वर' जसे काढले तसे ते ठिपक्याठिपक्याने कागदावर येते. मोडी असो, उर्दू असो, शेजारच्या पोराने काढलेला हत्ती असो. उलट ऑफिसातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या, कपाटाएवढ्या महागड्या प्रिंटरवर मराठी पीडीएफ पाठवून पाहा. फॉन्टच्या देवाणघेवाणीत कधी गोंधळ होतो आणि 'किंमत'ची वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, कधी नुसते चौकोन येतात. मग कॉम्प्युटरवाला येतो, कपाळावर आठ्या घालतो आणि छपाईच्या चौकटीत 'प्रिंट ॲज इमेज'वर टिचकी मारतो. पान सुरेख येते. त्याने काय केले? तर लाखभर रुपयांच्या प्रिंटरला सांगितले की बाबा, तू डोके चालवू नकोस, मी ठिपके पाठवतो तेवढे छाप.

आणि गंमत म्हणजे सगळी दुनिया आता याच वळणावर आली आहे. २०१० साली ॲपलने एअरप्रिंट आणले. फोनवरून ड्रायव्हरशिवाय छपाई. त्यात आणि आयपीपी एव्हरीव्हेअर या खुल्या पद्धतीत पानाचे आधीच ठिपक्यांत रूपांतर करून पाठवायची सोय आहे. फरक इतकाच, की आताचे सांगकामे एकच ठरलेली भाषा समजतात. जुन्यांची प्रत्येकाची बोली वेगळी आणि दुभाष्या एकच, तो म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर. कंपनी नवीन विंडोजसाठी तो काढायचा थांबली की धडधाकट प्रिंटर मुका होतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली कंपन्यांच्या अशा ड्रायव्हरांना विंडोज अपडेटमधून हळूहळू निरोप द्यायचे जाहीरही केले आहे.

तेव्हा घरात एलबीपी २९०० किंवा १०२० असेल आणि टोनर हलवून हलवून त्याच्याकडून अजून पाने निघत असतील, तर एक काम आजच करा. त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवर आहे तोवर उतरवून घ्या आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवा. प्रिंटर विकायला काढला तर त्यातला एक गिऱ्हाइकाला द्या. आणि गुणपत्रकाचा फोटो काढायचा असेल तर आधी चादर काढा.